फॉरमॅटकर

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी लागते. तिच्यात नाव आलं की माणूस चारही विंगांत आडनावानिशी ओळखला जातो. या गृहस्थांचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही, त्यामुळे त्यांचं खरं आडनाव निम्म्या लोकांना ठाऊक नाही. मुलं तोंडावर ‘काका’ म्हणतात, बायका ‘भाऊजी’ म्हणतात, आणि पाठ वळली की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असतं: फॉरमॅटकर. आम्ही डोंबिवलीकर. नावं ठेवण्याच्या कामात आम्हाला वेळ लागत नाही. तुमच्याही सोसायटीत एक फॉरमॅटकर असणारच. नसेल तर तो तुम्हीच असण्याची शक्यता आहे. पुढचं जरा जपून वाचा.

फॉरमॅटकरांकडे रोग नाना तऱ्हेचे येतात, औषध एकच. कॉम्प्युटर हळू चालतो? फॉरमॅट मारायला लागेल. प्रिंटर कागद ओढत नाही? फॉरमॅट मारून बघू. ए विंगमधल्या एका आजींचा अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल नीट लागत नव्हता. आवाज यायचा जायचा, पण नातवाला आजी दिसायच्या नाहीत. फॉरमॅटकरांनी पडद्याकडे दोन क्षण बघितलं, हनुवटी खाजवली आणि सॅक उघडली. आत कुणी बघू नये म्हणून आजींनी कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली होती, हे विंडोज नव्याने टाकून झाल्यावर लक्षात आलं. “पण मशीन कसं हलकं झालं बघा,” असं म्हणून ते चहा पिऊन गेले. कॅमेरा त्यांनीच दुरुस्त करून दिला, असं आजी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांना लॉगिन आणि लॉगआउट याखेरीज काही करता येत नाही. आयटीवाले करू देत नाहीत. आठवडाभराचा हा कोंडमारा रविवारी सकाळी दहा वाजता बाहेर पडतो. पाठीवर काळी सॅक. सॅकमध्ये चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, थर्मल पेस्टची अर्धी पिळलेली सिरिंज, पंख्यातली धूळ झटकायला रंगकामाचा दीड इंची ब्रश, झिप टाय, आणि पेन ड्राइव्हचा एक जुडगा. प्रत्येक पेन ड्राइव्हवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ‘७, ६४ बिट’. ‘१० जुनी’. ‘१० चांगली’. ‘११, कुणाला देऊ नये’. सॅकच्या आतल्या कप्प्यात एक १.४४ एमबीची फ्लॉपी आहे. ती लावायला फ्लॉपी ड्राइव्ह आता शोधूनही सापडणार नाही. “मग ती कशाला?” असं कुणी विचारलं तर ते म्हणतात, “असू दे.”

पैसे घेत नाहीत. खरी अडचण इथेच आहे. पैसे देऊन बोलावलेल्या माणसाला ‘एवढंच करा आणि जा’ असं सांगता येतं. फुकट करणाऱ्याला काय सांगणार? तो करील ते गोड मानून पोहे करायचे. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांचं चालत नाही. बायको शिकवण्या घेते. तिच्या लॅपटॉपच्या झाकणावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी आहे, आणि ती विद्यार्थ्यांसाठी नाही. तो लॅपटॉप विकत आणल्यापासून त्याच्यावर एकदाही नवी विंडोज चढलेली नाही. तो उत्तम चालतो. या विषयावर घरात बोलणं होत नाही.

माणूस असा का झाला, याचं उत्तर विंडोज ९८ मध्ये आहे. त्या काळी कॉम्प्युटर ही घरातली सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक वस्तू होती. तिच्यावर कापडी आच्छादन असायचं आणि तिला हात लावण्यापूर्वी हात धुवायची पद्धत होती. अशा वेळी हा तरुण बूट फ्लॉपी घालायचा, काळ्या पडद्यावर एफडिस्क टाइप करायचा आणि घरातली सगळी मंडळी श्वास रोखून उभी असताना फॉरमॅट सी कोलन मारायचा. सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचं का, असं मशीन विचारायचं. हा शांतपणे ‘वाय’ दाबायचा. लग्नाच्या मुलीचे वडील त्याच्याकडे त्या वेळी ज्या नजरेने बघायचे, ती नजर बँकेत कारकून झाल्यावर कुणी त्याला दिली नाही.

मग २००१ मध्ये एक्सपी आली आणि फॉरमॅटकरांचे सोन्याचे दिवस सुरू झाले. सीडी घातली की निळा पडदा. एफ८ दाबून करार मान्य (तो करार वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय). पार्टिशन पुसायला डी, आणि ‘खरंच पुसू का’ या प्रश्नाला एल. पुढच्या टप्प्यात डाव्या बाजूला वाक्य यायचं की काम पुरं व्हायला आता सुमारे ३९ मिनिटं लागतील. सगळ्यांकडे ३९च. मशीन नवं असो की जुनं, सुरुवात ३९ पासून. प्रत्यक्षात त्या ३९ मिनिटांचा तास कधी व्हायचा कळायचं नाही, पण तोवर फॉरमॅटकर त्या घरचे व्हायचे. पोहे यायचे. वरून खोबरं भुरभुरलेलं असायचं. मुलाचे दहावीचे मार्क, डिप्लोमा की बारावी, कल्याणला जागा घ्यावी का, जावई पगार किती सांगतो आणि खरा किती असेल, असल्या सगळ्या गोष्टी त्या रांगत्या हिरव्या पट्टीसमोर बोलल्या जायच्या. सोसायटीतल्या तीन-चार सोयरिकी या ३९ मिनिटांत जमल्या असं फॉरमॅटकर सांगतात. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. दुसरं करण्यासारखं काही नसायचंच.

त्यांच्या सिद्धांताचा पायाही तेव्हाच घातला गेला, आणि तो तेव्हा पक्का होता हे कबूल करायला हवं. एक्सपी बसवताना ती त्या क्षणी समोर असलेला मदरबोर्ड बघायची आणि डिस्कशी बोलणारा नेमका तेवढाच ड्रायव्हर घेऊन पुढे जायची. पुढे मदरबोर्ड बदलला आणि डिस्क तशीच नव्या बोर्डाला जोडली, तर विंडोजला स्वतःचंच घर सापडायचं नाही. निळा पडदा आणि त्यावर शून्य एक्स, सहा शून्यं आणि शेवटी ७बी. फॉरमॅटकरांना हा आकडा आपल्या मुलीच्या जन्मतारखेइतका पाठ आहे. सी विंगमधल्या एका दुकानदाराचा बोर्ड त्यांनी असाच बदलून दिला होता; मार्चअखेर, हिशेब सगळा आत, बाहेर निळा पडदा. त्या रात्री त्यांनी जे व्रत घेतलं ते अजून मोडलेलं नाही: बोर्ड बदलला की विंडोज नवी.

व्रत म्हटलं की ते वाढत जातं. आधी फक्त बोर्ड बदलल्यावर. मग ग्राफिक्स कार्ड बदललं तरी. मग रॅम वाढवली तरी. पाच वर्षांपूर्वी एका मुलाने नुसतं कॅबिनेट बदललं, आतलं सगळं तेच, फक्त बाहेरचा डबा काचेचा आणि पंख्यांना रंगीत दिवे. “दिव्यांचं सॉफ्टवेअर असतं बाबा,” फॉरमॅटकर म्हणाले, आणि पेन ड्राइव्ह काढला.

इथे दोन शब्द कामाचे सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी गेमिंगचा कॉम्प्युटर असेल आणि दाराशी सॅक येऊन थांबली असेल. रॅम वाढवली, पंखा बदलला, जास्तीची एसएसडी लावली तर विंडोज नव्याने टाकायची काही गरज नाही. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं काढून एएमडीचं लावलं, तर जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला की भागतं. फारच शंका असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने जुन्या ड्रायव्हरचा मागमूस पुसता येतो. आणि मदरबोर्ड बदलला तरी विंडोज १० पासून पुढची विंडोज बहुधा पहिल्या सुरुवातीलाच नवं हार्डवेअर ओळखते, दोन-तीनदा स्वतःच बंद-चालू होते आणि उठून कामाला लागते. परवाना मात्र बोर्डाशी जोडलेला असतो. तो आधीच मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला बांधून ठेवला असेल तर ‘मी नुकतंच हार्डवेअर बदललं’ असं सांगून परत मिळवता येतो. कंपनीने तयार मशीनसोबत दिलेला असेल तर नव्या बोर्डावर तो चालत नाही. फॉरमॅटकरांचं बरोबर असण्याचे प्रसंगही आहेत. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर नवा बोर्ड बहुधा तिच्यावरून सुरूच होत नाही. आणि विंडोज ७ वर ८, ८ वर १० असे मजल्यावर मजले चढवलेले असतील, तर एकदा पाडून बांधलेलं बरं. पण हा फरक करत बसणं फॉरमॅटकरांच्या स्वभावात नाही.

आता सेक्रेटरींच्या मुलाकडे वळू. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचा कॉम्प्युटर रायझन ५ १६०० वर चालायचा, म्हणजे २०१७ चा प्रोसेसर. पोरगं त्यावर सुखाने व्हॅलोरंट खेळायचं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला, आणि विंडोज ११ ला पहिल्या पिढीचा रायझन चालत नाही. म्हणजे विंडोजसाठी प्रोसेसर, प्रोसेसरसाठी बोर्ड, आणि एएम५ च्या बोर्डाला जुनी डीडीआर४ रॅम बसत नाही म्हणून रॅमही. आईने विचारलं, “एवढं सगळं बदलून जुनं उरलं काय?” प्रश्न रास्त होता. उरलं होतं कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड आणि दोन डिस्का.

शनिवारी दुपारी मुलगा आणि फॉरमॅटकर लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, उन्हातून चार दुकानं, चारही ठिकाणी भाव, आणि मग पहिल्या दुकानात खरेदी. रायझन ५ ७६००, बी६५० चा बोर्ड, डीडीआर५ च्या दोन पट्ट्या. मुलाचा बेत साधा होता. बोर्ड बदलायचा, जुनी डिस्क लावायची, विंडोज १० सुरू झाली की तिच्यावरच ११ चं अपग्रेड घ्यायचं. गेम जागच्या जागी, फाइली जागच्या जागी. हा बेत त्याने परतीच्या गाडीत काकांना सांगितला. ठाणं येईपर्यंत काका काही बोलले नाहीत. दिवा गेल्यावर म्हणाले, “तुम्हा मुलांना सगळं रेडीमेड पाहिजे.”

रविवारी दहाला काम सुरू झालं. जोडणी मात्र बघण्यासारखी. एवढ्या जाड बोटांचा माणूस पुढच्या पॅनेलच्या त्या मुंगीएवढ्या पिना चष्मा कपाळावर सारून पहिल्या फटक्यात बसवतो. प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब टाकतो आणि कूलर ठेवताना जीभ दातांत धरतो. सगळं बसलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात, त्यांतला रॅमचा दिवा पेटून राहिला.

“रॅम बसली नाही,” फॉरमॅटकर म्हणाले, आणि सॅकमधून खोडरबर काढलं.

मराठी माणसाने रॅम दुरुस्त करण्याचा हा मार्ग कुठल्या पुस्तकात वाचला हे मला माहीत नाही, पण तो सर्वत्र आहे. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेचं खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, परत लावायची. जुन्या रॅमवर गंज किंवा मळ बसलेला असतो, तिथे याने खरंच काम होतं. ही रॅम आदल्या दिवशी पाकिटातून निघालेली. तरी घासली. टेबलावर सुरनळ्या पडल्या. बटण दाबलं, पडदा काळा. परत काढली, परत घासली. मुलगा म्हणत होता, “काका, एएम५ ला पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग असतं, काही मिनिटं तसंच राहू द्यायचं असतं.” त्याचं अगदी खरं होतं. नवा बोर्ड नव्या रॅमशी पहिल्या भेटीत बराच वेळ चाचपणी करतो, आणि तेवढा वेळ पडद्यावर काही दिसत नाही. पट्टी काढली की ती चाचपणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे काका जितके घासत होते तितका तो बोर्ड मागे जात होता. अखेर बायकोचा फोन आला म्हणून ते गॅलरीत गेले, कुणी हात लावला नाही, आणि पडद्यावर चित्र आलं.

“बघितलंस?” गॅलरीतून आत येत ते म्हणाले. “तिसऱ्या घासणीला येतंच.”

त्यानंतर बँकेतून कुणीतरी फोन केला आणि ते पुन्हा गॅलरीत गेले. मुलाने संधी साधली. जुनी डिस्क जोडलेलीच होती. तिच्यावरून सुरुवात केली. गोल ठिपके फिरले, डिव्हाइस तयार होत असल्याचं वाक्य आलं, टक्के चढत गेले, मशीन एकदा आपोआप बंद होऊन चालू झालं आणि डेस्कटॉप आला. जुना वॉलपेपर, जुने आयकॉन, सगळं जिथल्या तिथे.

“काका, चाललं की!”

फॉरमॅटकर पडद्यापाशी आले. चेहऱ्यावर पाहुणा जेवायला न थांबता निघाल्यासारखे भाव. माउस हलवून बघितला. एक फोल्डर उघडलं, बंद केलं. उजव्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, “सक्रिय करा म्हणतंय.”

“ते अकाउंटने होतं, काका. दोन मिनिटांचं काम आहे.”

“चालतंय,” ते म्हणाले. “वरून चालतंय. पण आतून?”

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. आत जुन्या चिपसेटचे ड्रायव्हर आहेत, ते आता कुजणार, आज काही वाटणार नाही, सहा महिन्यांनी ऐन परीक्षेत दगा देतील, असं त्यांनी शांत आवाजात सांगितलं. मुलगा वाद घालू लागला तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला: “अरे, भाऊजी एवढं म्हणतायत तर करून टाक ना. एकदाचं स्वच्छ होऊन जाईल.” मराठी घरात ‘स्वच्छ’ हा शब्द उच्चारला गेल्यावर पुढे चर्चा होत नाही.

फॉरमॅटकरांनी मग तो प्रश्न विचारला, जो ते पंचवीस वर्षं घरोघर विचारत आले आहेत: “महत्त्वाचं सगळं डी मध्ये आहे ना?” आणि घरच्यांनी ते उत्तर दिलं, जे सगळी घरं देतात: “हो, हो, डी मध्येच.” प्रत्यक्षात कुणाच्याही घरी महत्त्वाचं काही डी मध्ये नसतं. ते डेस्कटॉपवर असतं, ‘न्यू फोल्डर ३’ या नावाने, आणि डेस्कटॉप सी मध्ये असतो. एक्सपीच्या दिवसांत याच प्रश्नोत्तरातून एका मुलाची व्हाइस सिटी गेली होती. सगळी मिशनं पुरी केलेला सेव्ह, डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात, म्हणजे सी मध्येच. तो मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे, ठाण्यात राहतो, आणि सणाला घरी आला की जिन्यात फॉरमॅटकर दिसले तर मोबाइल कानाला लावतो. तेव्हापासून फॉरमॅटकर डेस्कटॉपची नक्कल डी मध्ये घेतात. इथेही घेतली.

विंडोज ११ च्या सेटअपमध्ये डिस्कांची यादी येते, तेव्हा तिथे सी आणि डी लिहिलेलं नसतं. डिस्क ०, पार्टिशन ३, अशी सरकारी भाषा असते. कुठली पुसायची ते आकारावरून ओळखायचं, आणि तोही फसवा: ५०० जीबीची डिस्क तिथे ४६५ दिसते, १ टीबीची ९३१. या पानावर फॉरमॅटकरांचा हात कधी चुकलेला नाही, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य करावं. त्यांनी मुलाला गप्प केलं, आकडे ओठांतल्या ओठांत दोनदा वाचले, बोट पडद्यावर टेकवून खात्री केली आणि मग दाबलं. ही काही सेकंदं त्यांचा चेहरा इतका निवांत असतो की त्यांना फुकट पोहे का मिळतात ते कळतं.

मुलगा तोवर वैतागून वडापाव आणायला खाली गेला. वर सेटअप इंटरनेट मागू लागला. इंटरनेटला वाय-फाय हवं, वाय-फायला नव्या बोर्डाचा ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर इंटरनेटवर. फॉरमॅटकर हरले नाहीत. स्वतःचा मोबाइल केबलने जोडून त्यावरून नेट दिलं. पुढच्या पानाने मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागितलं. मुलगा घरात नव्हता, सेक्रेटरींना अकाउंट म्हणजे सोसायटीचं वाटलं. फॉरमॅटकरांनी आपलं टाकलं.

कोरी विंडोज आली. निळा वॉलपेपर, डेस्कटॉपवर रिसायकल बिन आणि जवळजवळ दुसरं काही नाही. वडापाव गार होत होते, पण फॉरमॅटकर खुर्चीत मागे रेलून बघत बसले. माझं मत विचाराल तर सगळा उपद्व्याप याच्यासाठी असतो. हा माणूस गेम खेळत नाही. सिनेमा बघत नाही. लोकांच्या कॉम्प्युटरवर तो जे काही टाकतो त्यातलं स्वतः काहीच वापरत नाही. फाइल नाही, आयकॉन नाही, चूक नाही, असा एक पडदा आठवड्यातून पंधरा मिनिटं बघायला मिळावा, एवढीच त्याची मागणी. मग मुलगा येतो, पहिला आयकॉन टाकतो, आणि यांचा रस संपतो.

संध्याकाळी मुलाने व्हॅलोरंट टाकलं. विंडोज ११ वर ते टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. बायॉसमध्ये जाऊन ते मुलाने चालू केलं. खेळ सुरू झाला आणि पूर्वीपेक्षा अडखळू लागला. एवढे पैसे घालून मशीन जुन्याहून मंद! फॉरमॅटकर सॅक भरून दारात चपला घालत होते. चपला काढून परत आले.

“विंडोज नीट बसली नाही. परत एकदा मारू.”

मुलाने कॅबिनेटच्या मागे मान घातली. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचलेली होती. नव्या रायझनमध्ये स्वतःचं छोटंसं ग्राफिक्स असतं, त्यामुळे चित्र दिसत होतं आणि कुणाला शंका आली नाही. तीस हजारांचं कार्ड बिनपगारी रजेवर होतं. केबल चार इंच खाली सरकवली. खेळ पाण्यासारखा वाहायला लागला.

“आता बसली,” फॉरमॅटकर म्हणाले, आणि समाधानाने गेले.

सेक्रेटरींचा फोन त्यांना मंगळवारी गेला. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल उघडला तर आत मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, मधूनच डॉलर. “व्हायरस आलाय हो, ऑडिटरला काय दाखवू?” व्हायरस बिरस काही नव्हतं. सेक्रेटरी गेली पंधरा वर्षं तोच अहवाल तारखा बदलून जुन्या शिवाजी फाँटमध्ये टाइप करतात. तो युनिकोड नव्हे. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे कपडे चढवतो. अहवालाची फाइल डेस्कटॉपवरून डी मध्ये सुखरूप गेली होती. फाँट मात्र विंडोजच्या पोटात, सी मध्ये होता, तो धुऊन निघाला. मुलाने कुणाकडून तरी फाँटची फाइल मागवून बसवली आणि अहवाल पुन्हा मराठीत बोलू लागला. त्यातला ‘गळतीबाबत’ हा परिच्छेद दुर्दैवाने तेवढाच वाचनीय राहिला.

आता एकच गोष्ट अडली आहे. विंडोज बसवताना ज्याचं अकाउंट टाकाल, त्याच्या ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन ती सी मध्ये वापरकर्त्याचं फोल्डर बनवते. मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचे सगळे सेव्ह, प्रोजेक्ट आणि डाउनलोड आता फॉरमॅटकरांच्या नावाच्या पाच अक्षरांखाली आहेत. आधी मशीन सुरू केलं की स्वागतही त्यांचंच व्हायचं. अकाउंट बदलता आलं, पण त्या फोल्डरचं नाव सरळ बदलता येत नाही. बदलायला गेलं तर प्रोफाइल बिघडायची भीती, म्हणून त्याला एकच खात्रीचा उपाय सांगतात, आणि तो उपाय कुणाला येतो हे सांगायला नको. ते येत्या रविवारी दहाला येतो म्हणालेत. सेक्रेटरींच्या घरी पोहे निवडून ठेवलेत, आणि मुलगा त्या दिवशी मित्रांबरोबर लोणावळ्याला चाललाय, डिस्क सॅकमध्ये घालून.